तक्तपोशी, पश्चिम किनाऱ्यावरील

तक्तपोशी : तुळया व कड्या यांवर लाकडी फळ्या जोडून तयार केलेला पृष्ठभाग. तो खालच्या दालनाचे छत आणि वरच्या दालनाची जमीन अशी दोन्ही कामे करतो. फार्सी ‘तख्ता’ (फळी) व ‘पोश’ (आच्छादन) या शब्दांवरून ही संज्ञा मराठीत रूढ झाली. याच रचनेस घरबांधणीत ‘कडीपाट’ असेही म्हणतात. कोरड्या व थंड प्रदेशांत लाकडी जमीन ही प्रामुख्याने उबेची सोय असते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तिचा इतिहास वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. येथे वर्षातील चार महिने हवा पाण्याने जवळजवळ संपृक्त असते आणि उरलेल्या काळात ती बरीच कोरडी होते. अशा हवेत जमीन टिकली, ती केवळ लाकडाच्या कठीणपणामुळे नव्हे. लाकडाला हालचालीस जागा आणि खालून वाहती हवा मिळाली म्हणून. या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाले, तेथे उत्तम सागही कुजला.

लाकूड आणि हवेतील आर्द्रता : तोडलेले व सुकविलेले लाकूडही हवेतील बाष्प शोषून घेते व बाहेर टाकते. हवेशी समतोल साधल्यावर त्यात उरणारा पाण्याचा अंश हवेच्या सापेक्ष आर्द्रतेवर अवलंबून असतो. सु. ३०° से. तापमानास सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असल्यास हा जलांश लाकडाच्या शुष्क वजनाच्या सु. ११ टक्के, तर ८५ टक्के आर्द्रतेस सु. १७ टक्के असतो. मुंबई व कोकणपट्टीतील फळ्या दरवर्षी साधारणपणे या दोन मर्यादांमध्ये फिरत राहतात. लाकूड लांबीत फारसे वाढत नाही. त्याचा फुगवटा रुंदीत दिसतो. सागाची १० सेंमी. रुंदीची स्पर्शरेषीय चिरकामाची फळी एवढ्या फरकाने सु. १ मिमी. रुंद होते. अरीय दिशेने, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे चिरलेल्या फळीत हा फरक सु. निम्माच असतो. एका फळीतील १ मिमी. नगण्य वाटतो, परंतु पाच मीटर रुंदीच्या दालनात अशा पन्नास फळ्या असतात. त्यांचा एकत्रित फुगवटा अडविला गेला, तर जमीन मध्यभागी उचलली जाते किंवा भिंतीवर दाब येतो.

जलांश २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर लाकूड कुजविणाऱ्या कवकांची वाढ होत नाही. किनाऱ्यावर पावसाळ्यातील समतोल या मर्यादेच्या जवळ पोहोचतो. म्हणून हवेतील बाष्पाला भिंतीतील ओल, छपराची गळती किंवा मोरीचे पाणी यांची जोड मिळाली की, कुजण्यास लगेच प्रारंभ होतो.

लाकडाची निवड : कठीण लाकूड ही वनस्पतिशास्त्रीय संज्ञा रुंदपर्णी वृक्षांच्या लाकडास लावतात, त्यावरून प्रत्यक्ष कठीणपणा ठरत नाही. साग (टेक्टोना ग्रँडिस) हा जमिनीसाठी वापरल्या जाणाऱ्या लाकडांत सर्वांत कठीण नाही. त्याची पसंती दोन कारणांनी झाली : त्याचे आकुंचन-प्रसरण कमी असते आणि मध्यकाष्ठातील तैलयुक्त द्रव्यांमुळे वाळवी व कवके यांना तो चांगला दाद देत नाही. रसकाष्ठास मात्र हे संरक्षण नसते. त्यामुळे झाड सागाचे आहे, एवढ्यावर फळीची परीक्षा होत नाही. तिच्यात फिकट रंगाचे रसकाष्ठ किती आहे, हे पाहावे लागते. शिसव, बिबळा, ऐन, किंजळ, नाणा व फणस ही लाकडेही पश्चिम घाटाच्या परिसरात घरकामास वापरली गेली. त्यांपैकी ऐन बळकट असला, तरी सुकताना तडकण्याची प्रवृत्ती त्यात अधिक असते. त्यामुळे फळीपेक्षा कडी किंवा तुळई म्हणून तो सोयीचा ठरतो.

या निवडीमागे राज्यकर्त्यांचेही नियम होते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी एक प्रकरण आहे. राज्यातील अरण्यांतून साग, शिसव इ. वृक्ष परवानगीने तोडावेत. आंबा व फणस हे वृक्ष उपयोगी असले, तरी ते वाढण्यास बहुत वर्षे लागतात व रयतेने ते लेकरांप्रमाणे वाढविलेले असतात, म्हणून त्यांस हात लावू नये. जीर्ण झालेले झाड घ्यावयाचेच, तर मालकास राजी करून व मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. चांगले लाकूड पिढ्यांनी मोजावे लागते, ही जाणीव त्यातून स्पष्ट होते.

परंपरागत रचना : कोकणातील जुन्या घरांत तळमजल्यावर लाकडी जमीन सहसा करीत नसत. तेथे चिऱ्याच्या जोत्यावर चोपलेली व शेणाने सारवलेली मातीची जमीन असे. लाकूड माळ्यावर किंवा माडीवर, म्हणजे ओलाव्यापासून दूर वापरले जाई. उतरत्या छपराचा पुढे आलेला भाग भिंतींवर पाऊस येऊ देत नसे आणि कौलांच्या फटींतून हवा खेळत असे. गोव्यातील मोठ्या घरांतही वरचा मजला फळ्यांचा असे. पोर्तुगीज ‘सोब्रादो’ या शब्दाचा मूळ अर्थच फळ्यांची जमीन असा असून, पुढे तो माडीच्या घरासाठीही रूढ झाला.

देशावरील वाड्यांत कडीपाटावर मातीचा थर किंवा चुन्याचा कोबा घालीत. त्यामुळे पायांचा आवाज खाली जात नसे आणि वरचा मजला थंड राहत असे. पुण्याच्या तुलनेने कोरड्या हवेत ही रचना टिकली. तिचा खरा शत्रू आग होता : १७३२ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या शनिवारवाड्यातील लाकडी इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या व मुख्यतः दगडी जोती व तटबंदी शिल्लक राहिली. हीच जड रचना दमट मुंबईत आली, तेव्हा मातीच्या व कोब्याच्या थरात मुरलेले पाणी फळ्यांना सतत ओले ठेवू लागले.

गोदी आणि अरण्ये : दमट हवेत लाकडाच्या सांध्यांचा सर्वांत कसून विचार जहाजबांधणीत झाला. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आल्यानंतर तेथील गोदीत सागाची जहाजे मोठ्या प्रमाणावर बांधली जाऊ लागली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत्या स्थितीत जतन केलेले आहे. जहाजाच्या तक्तपोशीत अरुंद फळ्या वापरून त्यांच्यामध्ये फट ठेवीत. फटीत तंतू ठासून वर डांबर ओतीत. लाकूड फुगले तरी जमीन उचलली जात नसे आणि आकसले तरी पाणी झिरपत नसे. अरुंद फळी व प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक हे तत्त्व घरातील जमिनीसही तितकेच लागू पडते.

गोदी व वाढते शहर यांनी किनाऱ्यालगतची सागाची अरण्ये झपाट्याने संपविली. मलबारात १८०६ मध्ये नेमलेला वनसंरक्षकाचा अधिकार जुलमी मक्तेदारीच्या तक्रारींमुळे १८२३ मध्ये रद्द झाला. १८४० नंतरच्या दशकात मलबारचे जिल्हाधिकारी कनोली व त्यांचे सहायक चातू मेनन यांनी निलांबूर येथे सागाची लागवड सुरू केली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. तोपर्यंत मुंबईची नजर ब्रह्मदेशाकडे वळली होती. १८५२ च्या युद्धात पेगू प्रांत ब्रिटिशांच्या ताब्यात आल्यावर तेथील साग मुंबईत येऊ लागला व १८६३ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. १८८५ मध्ये या कंपनीच्या सागतोडीवरून ब्रह्मी दरबाराशी झालेला तंटा तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरला. पदच्युत राजा थिबा यास रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले व १९१६ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले. मुंबईच्या घरांतील फळ्यांना असा राजकीय इतिहासही आहे.

मुंबईतील इमारती : १८०३ च्या आगीत मुंबईच्या किल्ल्यातील दाट वस्तीचा मोठा भाग जळाला. त्यानंतरही शहरातील घरे आणि पुढे गिरणगावातील अनेक चाळी लाकडी सांगाड्याच्याच राहिल्या. सागाचे खांब, तुळया, कड्या व फळ्या आणि त्यांवर कोबा किंवा लादी, अशी त्यांची रचना असे. प्रत्येक खोलीत मोरी आली, तसे वापराचे पाणी लाकडाजवळ पोहोचले. तुळईचे टोक भिंतीत पूर्ण गाडलेले असल्याने ओल तेथे साठत असे. वरून धड दिसणारी तुळई टोकाशी पोकळ झालेली असे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विकास विभागाने बांधलेल्या चाळींत प्रबलित काँक्रीटचा वापर केला आणि लाकडी मजल्यांचे युग ओसरू लागले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर जुन्या इमारतींचे भाडे गोठले व दुरुस्तीकडे मालकांचे दुर्लक्ष वाढले. इमारती कोसळून जीवितहानी होऊ लागल्याने १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करण्यात आला. दुरुस्तीत कुजलेल्या तुळयांच्या जागी बहुधा पोलादी तुळया बसविण्यात आल्या. लाकडी जमिनीची देखभाल हा केवळ शोभेचा प्रश्न नाही, हे या प्रकरणाने सिद्ध केले.

शास्त्रीय अभ्यास : १९०६ मध्ये डेहराडून येथे स्थापन झालेल्या वनसंशोधन संस्थेत भारतीय लाकडांचे बल, आकुंचन व टिकाऊपणा यांची पद्धतशीर मापने झाली. पिअर्सन व ब्राउन यांचा भारतातील व्यापारी लाकडांवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. याच संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे परिरक्षक शोधून काढले. ते पुढे जगभर वापरात आले. आर्सेनिकाच्या विषारीपणामुळे घरगुती वापरासाठी अनेक देशांनी त्यावर नंतर निर्बंध घातले.

बसविण्याची पद्धती : अनुभव व मापने यांतून निघालेले नियम मोजकेच आहेत. फळ्या ज्या दालनात बसवावयाच्या, तेथेच त्या आधी काही आठवडे पट्ट्यांवर रचून हवेशीर ठेवतात. भर पावसाळ्यात बसविलेल्या जमिनीत पुढे फटी पडतात, तर अतिशय कोरड्या लाकडाची घट्ट जमीन पहिल्या पावसातच उचलली जाते. म्हणून जलांश वार्षिक मर्यादांच्या मध्यावर असताना काम करणे इष्ट असते. फळ्या ७ ते १० सेंमी. रुंदीच्या व शक्य तेथे अरीय चिरकामाच्या घेतात. जीभ व खाच पद्धतीच्या सांध्यामुळे फळी रुंदीत सरकू शकते, पण शेजारच्या फळीच्या पातळीतून बाहेर येत नाही. भिंतीलगत १० ते १२ मिमी. फट ठेवून ती भिंतीवर बसविलेल्या पट्टीने झाकतात. पट्टी फळीला ठोकली, तर फट ठेवण्याचा हेतूच नष्ट होतो. तुळईचे टोक भिंतीत दगडी बैठकीवर टेकवून त्याच्याभोवती हवेसाठी पोकळी ठेवतात. तळमजल्यावर फळ्यांखाली पोकळी व समोरासमोरच्या भिंतींत जाळीदार झरोके आवश्यक असतात. पुष्कळदा उंदीर किंवा धूळ यांच्या भीतीने हे झरोके नंतर बुजविण्यात येतात आणि काही वर्षांत जमीन खालून कुजते.

नूतनीकरण : जुन्या जमिनीचे नूतनीकरण म्हणजे तिच्यातून लाकूड काढून घेणे होय. पूर्वी सुतार रंधा मारून व काचेच्या तुकड्याने खरवडून पृष्ठभाग समतल करीत. पुढे काचकागद व विजेवर चालणारी घासयंत्रे आली. खिळ्यांची डोकी आधी आत ठोकावी लागतात. प्रत्येक वेळी निघालेला थर परत मिळत नाही आणि खाच-जिभेच्या जमिनीत खाचेच्या वरचा भाग तेवढाच झिजविता येतो. म्हणून डाग व ओरखडे यांसाठी संपूर्ण जमीन घासण्यापेक्षा स्थानिक दुरुस्ती श्रेयस्कर ठरते. पावसाळ्यात कडा उचलून वाटीसारख्या झालेल्या फळ्या लगेच घासू नयेत. कोरड्या ऋतूत त्या पूर्ववत झाल्या की, घासलेल्या कडा खोलगट राहतात.

लेपांत बेलतेल, मेण, लाखेचे पॉलिश व राळयुक्त रोगणे ही जुनी साधने होत. कोकणात व गोव्यात काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला वाळवीपासून वाचविण्यासाठी लावीत. लाखेचे पॉलिश दमट दिवशी लावल्यास पांढुरके पडते, म्हणून हे काम कोरड्या महिन्यांत करण्याची प्रथा पडली. आधुनिक पॉलियुरेथेन लेप झिजेला चांगला तोंड देतात; परंतु वरून बंद व खालून ओल अशा स्थितीत फळीच्या दोन बाजू असमान फुगतात व ती वाकते. कोणताही लेप बाष्पाचा वेग कमी करतो, त्याला पूर्णपणे थांबवीत नाही.

सद्यःस्थिती : थायलंडने १९८९ मध्ये नैसर्गिक अरण्यांतील वृक्षतोड थांबविली, भारतात १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वनांतील तोडीवर कडक नियंत्रण आले आणि म्यानमारने २०१४ मध्ये सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. बाजारातील लागवडीचा साग बहुधा कमी वयाचा असतो व त्यात रसकाष्ठाचे प्रमाण अधिक असते. आडव्या-उभ्या धाग्यांचे थर चिकटवून केलेल्या फळ्या कमी फुगतात. मात्र त्यांचा वरचा थर काही मिलिमीटरांचाच असल्याने त्यांचे आयुष्य एक-दोन घासण्यांपुरते मर्यादित असते. अशा वेळी जुन्या इमारती पाडताना निघणाऱ्या सागाच्या फळ्यांना मोठी मागणी आली आहे. त्या फळ्या ज्या अरण्यांतून आल्या, ती आता नाहीत. म्हणून किनाऱ्यावरील शिल्लक तक्तपोशी उखडण्यापूर्वी तिच्याखालचे झरोके मोकळे करणे, गळती थांबविणे व तुळयांची टोके तपासणे, हा तिच्या जतनाचा पहिला आणि बहुधा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.