श्रवणसंरक्षक साधने : खानदेशातील कारखाने

मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांच्या कानापर्यंत पोहोचणारा आवाज कमी करणारी, अंगावर वापरायची साधने. कानाच्या नळीत बसणारे प्लग आणि सबंध कान झाकणारे मफ हे त्यांचे दोन मुख्य प्रकार. जळगाव व धुळे जिल्ह्यांत त्यांची गरज जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिल, तेल मिल, धुळ्याचे यंत्रमाग, जळगावचे प्लास्टिक पाइप व चटयांचे कारखाने, भुसावळच्या रेल्वे कार्यशाळा, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आणि वरणगावचा दारूगोळा कारखाना अशा अनेक ठिकाणी पडते. प्लास्टिकच्या कारखान्यात खरा त्रास पाइप ओढणाऱ्या यंत्राचा नसून भंगार दळणाऱ्या ग्राइंडरचा असतो.

खानदेशात या विषयाची सुरुवात जिनपासून करणे योग्य. डबल रोलर जिनमध्ये चामड्याच्या चकत्यांचे दोन रोलर फिरतात, त्यांना स्थिर पाती टेकलेली असतात आणि हलते पाते मिनिटाला शेकडो वेळा हेलकावे घेऊन सरकी रुईपासून सोडवते. अशी यंत्रे एका पत्र्याच्या शेडमध्ये रांगेने चालतात आणि पत्रा आवाज गिळत नाही, परत फेकतो. जळगावच्या अभ्यासकांचे जिनिंग कामगारांवरील संशोधन 2011 मध्ये ‘नॉइज अँड हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात आवाजाची पातळी 89 ते 106 डेसिबल (ए) आढळली. तपासलेल्या 112 कामगारांमध्ये श्रवणदोषाचे प्रमाण फार मोठे होते. त्याआधी 2005 मध्ये जळगाव शहरातील वाहतूक पोलिसांच्या श्रवणशक्तीवरही संशोधन प्रसिद्ध झाले होते. कारखान्याबाहेरच्या नोकरीतही कान जातात हे त्यातून पुढे आले.

आवाजाने होणारी हानी आतल्या कानातील केशपेशींची असते आणि ती भरून येत नाही. ती बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास सुरू होते. त्यामुळे पहिल्या काही वर्षांत माणूस बहिरा वाटत नाही. बोलणे ऐकू येते, पण स, श, फ असे वर्ण निसटतात. गर्दीत आणि लग्नाच्या मांडवात काही कळत नाही. पाळी सुटल्यावर कानाला दडे बसणे किंवा कान वाजत राहणे ही पूर्वसूचना असते. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तेथील आवाज मोजून घ्यायला हवा.

कपाशीच्या मुलखात सर्वांत सोयीचे साधन म्हणजे हाताशी असलेल्या रुईचा बोळा. तो वापरलाही खूप जातो. उपयोग मात्र नगण्य: कोरडा कापूस सच्छिद्र असल्याने आवाज काही डेसिबलनेच उतरतो, तोही वरच्या पट्टीतला. हानी त्याच्या भरवशामुळे होते. बोळा घातलेला कामगार स्वतःला सुरक्षित समजतो आणि मुकादमही तसेच धरून चालतो.

वेष्टनावरचा आकडा हा निवडीतला पुढचा सापळा. अमेरिकी पद्धतीचा ‘एनआरआर’ किंवा युरोपीय ‘एसएनआर’ हा आकडा प्रयोगशाळेतला असतो. तेथे प्लग शिकलेल्या हातांनी बसवलेला असतो. म्हणून डेसिबल (ए) मध्ये मोजलेल्या आवाजासाठी एनआरआरमधून 7 वजा करून उरलेल्याचे निम्मे धरण्याची सावध रीत आहे. शेडमध्ये 100 डेसिबल असतील आणि फोमच्या प्लगचा एनआरआर 29 असेल, तर हिशेबात 11 डेसिबलच कमी होतात आणि कानाशी 89 उरतात. त्यावर मफही चढवला तर आणखी सुमारे 5 धरतात, 10 किंवा 20 नव्हे, कारण एका मर्यादेनंतर आवाज कवटीच्या हाडांतून आत शिरतो.

त्याहून मोठा फरक साधन काढून ठेवल्याने पडतो. 30 डेसिबल आवाज अडवणारा मफ आठ तासांच्या पाळीत अर्धा तास उतरवला, तर ध्वनिऊर्जेच्या हिशेबाने दिवसभराचे संरक्षण 12 डेसिबलच्या आत येते. प्रस्तुत लेखकाच्या मते निवडीचा पहिला निकष हाच: कामगार जे पाळीभर कानात ठेवील ते साधन चांगले.

येथे खानदेशचा उन्हाळा आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो. मफच्या गाद्यांखाली घाम साचतो आणि तो सतत वर सरकवला जातो. डोक्याला बांधलेला रुमाल, पदर किंवा चष्म्याची काडी गादीखाली आली की फट पडते आणि संरक्षण घटते. थोडा वेळ आवाजात जाऊन बाहेर येणाऱ्या फिटरला किंवा सुपरवायझरला मफ सोयीचा; पाळीभर उभ्या असलेल्याला प्लग बरा. कान वाहत असेल तर प्लग घालू नये, मफ द्यावा व आधी डॉक्टरांना दाखवावे.

फोमचा प्लग स्वस्त असतो, पण तो बसवणे शिकावे लागते. तो बोटांनी बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढायची, प्लग आत सारून अर्धा मिनिट धरून ठेवायचा. हे कामगाराला समोर उभे करून दाखवले नाही, तर वाटलेल्या पाकिटांचा खर्च वाया जातो. जिनमध्ये हात तेलकट असतात आणि हवेत तूस उडत असते. तेथे धुऊन पुन्हा वापरता येणारे, पाकळ्यांचे सिलिकॉनचे प्लग जास्त टिकतात. ते दोरीने जोडलेले मिळतात, पण पट्टे आणि शाफ्टजवळ लोंबती दोरी धोक्याची. ती मानेमागे आखूड बांधावी किंवा बिनदोरीचेच द्यावेत. बिनदोरीचा प्लग रुईत पडला तर ती भेसळ ठरते आणि गाठीचा भाव पडू शकतो, म्हणून तो भडक रंगाचा असावा. डाळ मिलमध्ये धातुशोधकाला सापडणारे निळे प्लग घेणे शहाणपणाचे.

गरजेपेक्षा जास्त संरक्षणही वाईट. कानाशी 70 डेसिबलपेक्षा कमी आवाज उरला तर माणूस आजूबाजूपासून तुटतो. जिनिंगमध्ये आग लागणे नित्याचे आहे आणि पहिली सूचना बहुधा कुणाच्या तरी हाकेने मिळते. आवारात ट्रॅक्टर आणि लोडर मागे येत असतात. कानाशी 75 ते 80 डेसिबल उरतील असे साधन बहुतेक कामांना पुरते. वरणगावसारख्या ठिकाणी काडतुसांच्या चाचणीचा आवाज क्षणिक पण प्रचंड असतो; त्याला सरासरीचे गणित लागू पडत नाही, तेथे प्लग आणि मफ दोन्ही वापरतात.

कारखाने अधिनियम, 1948 खालील नियमांत 90 डेसिबलला 8 तास, 95 ला 4, 100 ला 2, तर 115 ला 15 मिनिटे अशी मर्यादा होती. अमेरिकेच्या ‘नायॉश’ संस्थेची शिफारस याहून कडक आहे: 85 डेसिबलला 8 तास आणि 100 ला अवघी 15 मिनिटे. कान वाचवायचे तर दुसरा हिशेब धरावा. भारतीय मानक आयएस 9167 हे श्रवणसंरक्षकांचे आहे. कायद्याच्या क्रमात मात्र साधन शेवटी येते. आधी यंत्राची झिजलेली पाती आणि बेअरिंगे बदलणे, पंखा व कॉम्प्रेसर वेगळ्या खोलीत नेणे, माणसे आलटून पालटून लावणे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत (2020) यंत्रशक्तीवरील कारखान्यासाठी 20 कामगारांची अट आहे. धुळ्यातील घरालगतचे चार-सहा यंत्रमागांचे कारखाने त्यात येत नाहीत. तेथे कानांची काळजी मालक आणि कामगार यांच्यावरच पडते.

आवाजामुळे आलेला बहिरेपणा अधिसूचित व्यावसायिक रोग आहे. तो सिद्ध करायला कामावर घेतानाची आणि त्यानंतर दरवर्षीची ऑडिओमेट्री लागते. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो आणि पुढच्या वर्षी तोच मजूर दुसऱ्या जिनमध्ये असतो. त्यामुळे तपासणीची एक प्रत त्याच्या हाती देणे आवश्यक ठरते. याला आणखी एक कारण आहे. कर्मचारी राज्य विमा योजना हंगामी कारखान्यांना लागू होत नाही आणि 1948 च्या विमा कायद्यातील ‘हंगामी कारखान्या’च्या व्याख्येत सरकी काढणे आणि गाठी बांधणे ही कामे नाव घेऊन घातलेली होती. जिनमध्ये कान गमावलेल्याला भरपाई मागायची ती कर्मचारी भरपाई अधिनियम, 1923 ची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतील भरपाईच्या तरतुदींखाली, थेट मालकाकडे.