खारीचा बांध आणि तिवरांचें रान

पेणच्या पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे, किंवा रोह्याहून कुंडलिकेच्या मुखाकडे जाणाऱ्या प्रवाशास उधाणाच्या पातळीखालीं पसरलेलीं भाताचीं खाचरें दिसतात. हॉलंडच्या बांधांचें कौतुक आपण शाळेंत वाचतों. घराजवळच्या या उद्योगाची मात्र आपणांस ओळखहि नसते! ही शेती खाजणांतून मिळविलेली आहे. बाहेरून मातीदगडांचा बांध, भरती अडवून ओहोटीस आंतील पाणी सोडणारी उघाडी, आणि मीठ धुऊन जाण्यासाठीं कांहीं पावसाळ्यांची वाट, एवढें झालें म्हणजे तेथें भात पिकूं लागे.

हा बांध राखावा कोणीं? १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरांत वर्णिलेल्या शिलोत्री पद्धतींत बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीचा भार शिलोत्रदारांवर असे व त्याबद्दल भाताची वेगळी पट्टी मिळे. खेकड्याचें बीळ वेळीं बुजविलें नाहीं तर उधाणांत तेथेंच खांड पडते; यास्तव बांधावर नजर ठेवणारा मनुष्य गांवचाच असावा लागे. १९४८ च्या खारजमीन कायद्यापासून सरकार या कामांत उतरलें, आणि १९७९ च्या कायद्यानंतर भार बहुतांशीं सरकारी खात्याकडे गेला. त्यामुळें पैसा आला, पण ती रोजची नजर दूर गेली, असें आम्हांस वाटतें.

बांधाचा दुसरा राखणदार म्हणजे त्याच्या बाहेरचें तिवरांचें रान. तिवरांचीं श्वासमुळें चिखलांतून वर येतात, लाटेचा जोर मोडतात व गाळ धरून ठेवितात. सरपणासाठीं हें रान जेथें तुटलें, तेथें लाट थेट बांधावर आदळूं लागली. आणि बांध फुटून शेत खारें झालें कीं तींच तिवरें आंत शिरतात! पाण्यावर तरंगत आलेलें बीं रुजतें, गाळ सांचतो, झिजणारा किनारा पुन्हां सावरतो. वनस्पतिशास्त्रज्ञास याचा आनंद व्हावा हें योग्यच. पण आजोबांनीं खाजणांतून काढलेलें शेत ज्याच्या डोळ्यांदेखत असें गेलें, त्यानें आनंद कसा मानावा?

२००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांच्या तोडीस राज्यभर बंदी केली. २०१८ च्या निकालांत ती कायम झाली. खाडीकांठीं वस्ती वाढत असतां ही बंदी अवश्यच होती. जमीन खासगी असली तरी तींतून सुटका नाहीं. म्हणून फुटलेला बांध वेळेवर न बांधला गेल्यानें ज्याचें शेत रानांत गेलें, त्याचें नांव सातबाऱ्यावर राहतें, आणि तेथें पुन्हां भात लावण्याची वाट मात्र बंद होते.