भोपाळचे आकाश आणि उजवीकडे वळण्याचा नियम

६ नोव्हेंबर १९३७ रोजी टाटांची मुंबई–दिल्ली विमानसेवा सुरू झाली आणि इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेर या तिच्या थांब्यांमुळे नवाब हमीदुल्ला खान यांच्या भोपाळ संस्थानाची राजधानी हवाई नकाशावर आली. त्याच वर्षी भारतात विमानविषयक नियमावली लागू झाली, हा योगायोग बोलका आहे. त्या काळी भोपाळच्या आकाशात एका वेळी दोन विमाने दिसणे दुर्मीळच, तरीही ती एकमेकांवर आदळू नयेत याची तजवीज कागदावर आधीच झालेली होती.

ही तजवीज मुळात समुद्रावरची. जहाजांचे संकेत १९१९च्या पॅरिस कराराने विमानांना लावले: समोरासमोर आलेल्या विमानांनी आपापल्या उजवीकडे वळावे आणि मार्ग छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान असेल त्याने त्याला वाट द्यावी. १९४२ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवणाऱ्या भोपाळच्या राजकन्या आबिदा सुलतान यांच्या पिढीला रस्त्यावर मोटार डावीकडून आणि आकाशात विमान उजवीकडून नेण्याची दुहेरी सवय लावून घ्यावी लागली.

वर्दळ वाढल्यावर उंचीची वाटणी आली. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानाने पूर्वेच्या बाजूला जाताना विषम हजारांवर आणि पश्चिमेच्या बाजूला जाताना सम हजारांवर पाचशे फूट धरावेत, असा हा संकेत असल्याने भोपाळहून इंदूरला निघालेले छोटे विमान ४,५०० फुटांवर, तर तिकडून येणारे ३,५०० किंवा ५,५०० फुटांवर असते. मात्र उंची मोजणारे यंत्र वस्तुतः हवेचा दाब मोजते. म्हणून दोघांनी नियंत्रण मनोऱ्याने सांगितलेला एकच दाब यंत्रावर लावला नाही, तर ही वाटणी फोल ठरते.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले, त्यानंतर टक्कर टाळण्याचा इशारा देणारे उपकरण मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचे झाले. हे उपकरण समोरच्या विमानातील ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे विचारणा होताच ओळख व उंची कळवणाऱ्या रेडिओयंत्राला, प्रश्न करते आणि त्याच्या उत्तरावर सारा हिशेब करते. ज्या विमानात ट्रान्सपॉन्डर नाही किंवा बंद आहे, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. त्या सुधारणेचा मोठा लाभ मोठ्या विमानांनाच झाला, प्रशिक्षणाच्या दोन आसनी विमानाची भिस्त बरीचशी जुन्याच नियमांवर राहिली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

छोट्या विमानांच्या टकरी बहुधा स्वच्छ उजेडात आणि विमानतळाजवळच होतात, कारण उतरण्यासाठी सगळे एकाच उंचीवर, एकाच धावपट्टीकडे येतात. म्हणूनच धावपट्टीभोवती ठरलेल्या चौकोनी मार्गाने, सामान्यतः डावीकडे वळणे घेत फिरण्याची पद्धत पडली. मुख्य वैमानिक डाव्या आसनावर बसत असल्याने धावपट्टी त्याच्या नजरेत राहते. तरीही पंख वर असलेल्या विमानाला वरचे आणि पंख खाली असलेल्याला खालचे दिसत नाही, त्यामुळे पंख खाली असलेले वर आणि पंख वर असलेले खाली, अशी दोन विमाने एकावर एक उतरू लागली तर दोघेही एकमेकांबाबत आंधळे असतात. त्याहून फसवी गोष्ट अशी की टक्कर होणार असलेले विमान काचेवर सरकत नाही. ते एकाच जागी ठिपक्यासारखे थांबलेले दिसते आणि अखेरच्या काही सेकंदांत एकाएकी मोठे होते, तर डोळा मात्र हलणाऱ्या वस्तूकडेच आधी वळतो. त्यामुळे शिकाऊ वैमानिकाला आकाशाचा एकेक पट्टा घेऊन, प्रत्येकावर क्षणभर नजर स्थिर ठेवून पाहायला शिकवतात.