लोकशाही : विविध व्याख्या व प्रतिपादन

लोकांच्या संमतीवर अधिष्ठित असलेली शासनपद्धती, हा या संज्ञेचा सर्वमान्य गाभा होय. तथापि संमती कोणाची, ती कोणत्या मार्गाने घ्यावयाची आणि एकदा दिलेली संमती परत घेण्याची मुभा लोकांस आहे किंवा नाही, या प्रश्नांची उत्तरे राज्यसंस्थांनी, पक्षांनी व विचारवंतांनी परस्परविरोधी दिली आहेत. युनेस्कोने शीतयुद्धाच्या आरंभी नाना देशांतील विद्वानांकडून प्रश्नावलीद्वारे मते मागवून १९५१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा लोकशाहीस सर्वांनीच मान्यता दिल्याचे आढळले. मतभेद होता तो अर्थाविषयी.

पाश्चात्त्य व साम्यवादी मांडणी : जोसेफ शुंपेटर यांनी १९४२ साली, मतांच्या स्पर्धेतून निर्णयाधिकार संपादन करण्याची व्यवस्था, अशी मर्यादित व्याख्या केली. मार्क्सवाद्यांच्या मते संपत्तीची विषमता कायम असताना मताधिकार केवळ औपचारिक ठरतो. या भूमिकेवर पूर्व युरोपात ‘जनतेची लोकशाही’ उभारली गेली. पूर्व जर्मनीच्या अधिकृत नावातच लोकशाही हा शब्द होता; मात्र तेथील मतदारापुढे मार्च १९९० पूर्वी एकच संयुक्त उमेदवारयादी ठेवली जाई.

नियंत्रित प्रकार : इंडोनेशियात सुकार्नो यांची ‘मार्गदर्शित’ व पाकिस्तानात अयुबखान यांची ‘मूलभूत’ लोकशाही (१९५९).

भारतीय संविधानसभा : १३ डिसेंबर १९४६ रोजी जवाहरलाल नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात ‘लोकशाही’ हा शब्द नव्हता, गणराज्य म्हणण्यातच तो अर्थ अंतर्भूत आहे, असा त्यांचा खुलासा होता. पुढे उद्देशिकेत तो शब्द स्पष्टपणे घालण्यात आला. खेडे हाच स्वराज्याचा घटक असावा, हा गांधीवादी आग्रह डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात अमान्य केला. खेडे म्हणजे संकुचितपणा व जातीयता यांचे आगर, असे त्यांचे मत होते. अनेक सभासदांनी त्यास हरकत घेतली आणि ग्रामपंचायतींचे संघटन करण्याविषयीचा ४० वा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत समाविष्ट झाला.

आंबेडकरांची व्याख्या : २२ डिसेंबर १९५२ रोजी पुणे येथे, जिल्हा विधी ग्रंथालयाच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानात डॉ. आंबेडकरांनी बॅजट व लिंकन यांच्या प्रसिद्ध व्याख्यांचा परामर्श घेऊन, लोकांच्या आर्थिक व सामाजिक जीवनात रक्तपाताविना क्रांतिकारक बदल घडवून आणणारी शासनपद्धती, अशी स्वतःची व्याख्या मांडली. समाजात ठळक विषमता नसणे, विरोधी पक्षाचे अस्तित्व, कायदा व कारभार यांत समान वागणूक, सांविधानिक नीतीचे पालन, बहुसंख्याकांची अल्पसंख्याकांवर जुलूमशाही नसणे, समाजाचे नैतिक अधिष्ठान आणि अन्यायाने स्वतः पीडित नसलेल्या माणसालाही त्याविरुद्ध उभे करणारी लोकांची सदसद्विवेकबुद्धी, या अटी त्यांनी लोकशाहीच्या यशासाठी आवश्यक मानल्या. सामाजिक लोकशाहीचा पाया नसल्यास राजकीय लोकशाही टिकणार नाही, हा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेतच दिला होता. पुण्याच्या व्याख्यानात त्याच विचाराचा विस्तार आढळतो. पाश्चात्त्य व्याख्यांत राज्यकर्ता कसा निवडावा याचा विचार प्रधान आहे. आंबेडकरांच्या व्याख्येत अस्पृश्य गणलेल्या माणसाच्या स्थितीवरून राज्याची परीक्षा होते, हे या मांडणीचे वैशिष्ट्य.

पक्षविरहित लोकशाही : मानवेंद्रनाथ रॉय यांनी व, ‘भारतीय राज्यव्यवस्थेची पुनर्रचना’ हे प्रतिपादन करणाऱ्या प्रबंधात (१९५९), जयप्रकाश नारायण यांनी हिचा पुरस्कार केला.

महाराष्ट्र : औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने, ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना अमलात आणली. राज्यस्थापनेनंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम मंजूर होऊन १ मे १९६२ पासून जिल्ह्याचा विकासविषयक कारभार बहुतांशी लोकनियुक्त मंडळांकडे आला.

मूल्यमापन : प्रत्येक मांडणीत एखाद्या अंगाचे न्याय्य महत्त्व आहे, परंतु विरोधकास निर्भयपणे बोलण्याची आणि लोकांस राज्यकर्ते बदलण्याची मोकळीक जेथे नाही, तेथील व्यवस्थेस, तिच्या दफ्तरी कोणतेही नाव नोंदलेले असो, लोकशाही म्हणता येणार नाही, आणि जेथे ही मोकळीक असूनही जन्मावरून माणसाची पायरी ठरते, तेथे ती अपुरीच होय.