आहार-व्यायाम ॲप (कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित)

वापरकर्त्याने खाल्लेले अन्न, केलेली हालचाल आणि शरीराची मापे यांची नोंद ठेवून त्या आधारे पुढील आहार व व्यायाम सुचविणाऱ्या भ्रमणध्वनीवरील प्रणालीस आहार-व्यायाम ॲप असे म्हणतात. छायाचित्रावरून पदार्थ ओळखणे, प्रश्नांना संभाषणाच्या रूपात उत्तरे देणे आणि जुन्या नोंदींवरून सल्ला बदलणे ही कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने केली जातात. अशा ॲपची निवड करताना जाहिरातीतील आश्वासनांपेक्षा त्याच्या गणिताचा आधार, अन्नपदार्थांची सूची आणि माहितीची सुरक्षितता या बाबी अधिक महत्त्वाच्या ठरतात.

पूर्वपीठिका

अमेरिकेतील मायफिटनेसपाल हे ॲप २००५ मध्ये संकेतस्थळाच्या रूपात सुरू झाले. त्यात वापरकर्त्याने सूचीतून पदार्थ निवडायचा आणि उष्मांकांची बेरीज पाहायची, एवढाच व्यवहार होता. भारतात बंगळूर येथे २०१२ मध्ये हेल्दीफायमी स्थापन झाले आणि २०१७ मध्ये त्याने 'रिया' नावाची संभाषक प्रणाली आणली. छायाचित्रावरून पदार्थ ओळखण्याच्या संशोधनाला २०१४ मध्ये झुरिक येथे तयार झालेल्या 'फूड-१०१' या चित्रसंग्रहाने गती दिली. त्यात १०१ पदार्थांची प्रत्येकी १,००० छायाचित्रे आहेत. त्या यादीत समोसा आहे. भाकरी, पिठले वा थालीपीठ नाही. यंत्राला जे दाखविले जाते तेच ते ओळखू शकते, म्हणून ॲप कोणत्या प्रदेशातील अन्नावर शिकविले गेले आहे हा प्रश्न निवडीच्या आरंभीच विचारावा लागतो.

गणिताचा आधार

बहुतेक ॲप दिवसाची ऊर्जेची गरज ठरविताना १९९० मध्ये प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र किंवा त्यासारखे सूत्र वापरतात. स्त्रियांसाठी ते असे: किलोग्रॅममधील वजनाची १० पट, अधिक सेंटिमीटरमधील उंचीची ६.२५ पट, वजा वयाची ५ पट, वजा १६१. वय ४० वर्षे, वजन ६० किलो व उंची १५५ सेंमी असलेल्या स्त्रीची विश्रांतीतील गरज यावरून सुमारे १,२०८ किलोकॅलरी येते. या आकड्यास हालचालीच्या गुणकाने गुणतात. 'बैठे काम' निवडल्यास गुणक १.२, तर 'मध्यम हालचाल' निवडल्यास १.५५. एका पर्यायाच्या निवडीने उत्तर सुमारे १,४५० वरून १,८७२ वर जाते. चारशेहून अधिक किलोकॅलरींचा हा फरक बुद्धिमत्तेचा नसून वापरकर्त्याच्या स्वतःविषयीच्या अंदाजाचा आहे. घरातील उभ्याने होणारी कामे या पर्यायांपैकी कशात मोडतात, हे पुष्कळदा स्पष्ट केलेले नसते.

व्यायामात खर्च झालेल्या ऊर्जेचा आकडा तर याहून सैल असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरील सात उपकरणे ६० स्वयंसेवकांवर तपासली. हृदयगती त्यांपैकी सहा उपकरणांनी बऱ्यापैकी अचूक मोजली. ऊर्जेच्या खर्चात मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के होती. त्यामुळे 'चालून इतके उष्मांक जळाले, तेवढे अधिक खावे' असे सुचविणाऱ्या ॲपचा तो सल्ला जसाच्या तसा मानणे धोक्याचे असते.

अन्नपदार्थांची सूची

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ५२८ अन्नपदार्थांचे पृथक्करण दिले आहे. हे बहुतांशी कच्चे जिन्नस आहेत. शिजलेल्या पदार्थाचे मूल्य ॲपला पाककृतीवरून काढावे लागते आणि पाककृती घराघरांत वेगळी असते. छायाचित्रात आमटीचा रंग दिसतो. तिच्या फोडणीत तेल किती पडले ते दिसत नाही. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी. भरल्या वांग्याच्या रश्शात असे दोन चमचे अधिक असले तरी ताटाचे चित्र तेच राहते. 'एक वाटी' या मापाचेही तसेच: काही ॲप वाटी १५० मिलिलिटरची धरतात, काही त्याहून मोठी. भाकरीचे वजन तर थापणाऱ्या हातावर अवलंबून.

अनेक ॲपमधील सूचीत वापरकर्त्यांनीच भरलेल्या नोंदी असतात. एकाच पदार्थाची चार मूल्ये त्यात आढळतात. तपासलेली नोंद वेगळी दाखविणारे, स्वतःची पाककृती जिन्नसांसह भरू देणारे आणि वाटीऐवजी ग्रॅममध्ये नोंद घेणारे ॲप मराठी स्वयंपाकघरास अधिक उपयोगी पडते. पैसे भरण्यापूर्वी चार-पाच दिवस नेहमीचे जेवण तराजूवर वजन करून नोंदवावे आणि ॲपच्या छायाचित्रावरील अंदाजाशी ताडून पाहावे. इतकी साधी परीक्षा फार थोडे ग्राहक घेतात.

शरीरमानाचे निकष

वजन व उंची यांवरून काढलेला शरीरभार निर्देशांक २५ च्या वर गेला की वजन अधिक, हा सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय निकष आहे. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ही मर्यादा २३ ठरविली. या फरकामागील कारण पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून स्पष्ट होते. त्यांनी व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. केवळ परदेशी निकषावर 'आपले वजन योग्य आहे' असे सांगणारे ॲप भारतीय वापरकर्त्याला मधुमेहाच्या धोक्याविषयी खोटा दिलासा देऊ शकते. कंबरेचा घेर विचारला जातो की नाही, हे म्हणून पाहावे.

वैद्यकीय मर्यादा

इन्सुलिन घेणारे मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण व गर्भवती यांच्यासाठी चुकीचा आकडा ही किरकोळ बाब राहत नाही. कर्बोदकांचा अंदाज चुकल्यास इन्सुलिनची मात्रा चुकते. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिनांचे प्रमाण वैद्यानेच ठरवावे लागते. असे आजार आरंभीच विचारून वापरकर्त्याला डॉक्टरांकडे वा आहारतज्ज्ञाकडे पाठविणारे ॲप त्यातल्या त्यात जबाबदार म्हणता येईल. आहारविकारग्रस्तांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील एका राष्ट्रीय संस्थेला २०२३ मध्ये 'टेसा' ही आपली संभाषक प्रणाली बंद करावी लागली, कारण ती अशा व्यक्तींनाच उष्मांक मोजण्याचा व वजन घटविण्याचा सल्ला देऊ लागली होती. पौगंडावस्थेतील मुलामुलींच्या हाती उष्मांक मोजणारे ॲप देताना ही घटना लक्षात घेण्याजोगी आहे.

माहितीची सुरक्षितता व वर्गणी

मायफिटनेसपालच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती चोरीस गेल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. त्याच वर्षी स्ट्राव्हा या ॲपच्या जागतिक नकाशावरून सैनिकी तळांतील धावण्याचे मार्ग दिसत असल्याचे लक्षात आले. भारतातील डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती मागे घेण्याचा व माहिती पुसून मागण्याचा हक्क वापरकर्त्याला आहे, आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. खाते पुसण्याची सोय ॲपमध्येच आहे की नाही, हे नोंदणीपूर्वी पाहता येते.

बहुतेक ॲप आरंभीचे काही दिवस विनामूल्य असतात व नंतर वर्गणी आपोआप कापली जाते. भ्रमणध्वनीवरून ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ती ज्या दुकानातून घेतली त्या प्ले स्टोअर वा ॲप स्टोअरच्या खात्यात जाऊन स्वतंत्रपणे रद्द करावी लागते. अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना देणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे.