कुरणातली शाळा

१९४५ साली ताराबाई मोडक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. जोडीला अनुताई वाघ. माँटेसरीबाईंची साधने मोठी देखणी, पण खेड्याला ती परवडावीत कशी? मग बिया, पाने, शिंपले, खडे हीच साधने झाली. पुढे १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारल्यांची मुले गुरांमागे जात. शाळेत येणार कोण? तेव्हा शाळाच कुरणात गेली! खरी मौज मला इथे वाटते. कोणता पाला गुरे खातात, कोणता टाळतात, हे गुराख्याच्या पोराला पुस्तकाआधीच ठाऊक. शिकवणाऱ्याने विचारायचे ते एवढेच, ‘का बरे?’ पणती लावताना घरच्या बाळालाही विचारून पाहा, तेल वातीतून वर कसे चढते.