हाव

हाव (नाम, स्त्रीलिंगी, सामान्यरूप हावे-). गरज भागल्यावरही न थांबणारी, आणखी मिळवण्याची अनावर इच्छा. ती पैशाची, जमिनीची, सत्तेची, मानाची, खाण्याची, कशाचीही असू शकते. शब्दाला निंदेचा रंग मात्र कायम चिकटलेला. ज्ञानाची तहान असते, फार तर लालसा. हाव कोणी म्हणत नाही.

या शब्दाचा स्वभाव त्याच्यासोबत येणाऱ्या क्रियापदांवरून कळतो. तहान भागते, भूक शमते, हौस फिटते. हाव सुटते, वाढते, फार तर आवरावी लागते. ती पुरी झाल्याचे सांगणारे रुळलेले क्रियापद मराठीत नाही. ‘सुटणे’ही बोलके आहे. वारा सुटतो, तोंडाला पाणी सुटते, तशी हाव सुटते, म्हणजे माणूस ती करतो त्यापेक्षा ती त्याला होते. ‘फार हाव करू नये’ हा वडीलधाऱ्यांचा प्रयोग तेवढा कर्त्यावर जबाबदारी टाकतो. अनेकवचन जवळजवळ वापरात नाही. ‘पैशाच्या हावेपोटी’ हे वृत्तपत्रांचे ठरलेले रूप. गुन्ह्याच्या बातमीत ते इतके वापरले गेले आहे की त्याची धार बोथट झाली आहे.

‘हावरा’, ‘हावरी’, ‘हावरट’ ही विशेषणे याच कुळातली, पण त्यांचा वावर मुख्यतः ताटाभोवती. पंगतीत जिलबीवर तुटून पडणारा तो हावरट. ‘हावरटासारखं खाऊ नकोस’ असे पोराला म्हणणाऱ्या आईच्या स्वरात रागाइतकेच कौतुकही असू शकते. मूळ नामात ही सवलत नाही: ‘त्याला हाव सुटली आहे’ हे वाक्य लाडाने म्हणता येत नाही.

जवळच्या शब्दांत ‘लोभ’ सर्वांत फसवा. षड्रिपूंत त्याची गणना होते, आणि तरीही पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ अशी विनंती करतात, कारण मराठीत त्याचा माया, जिव्हाळा असाही अर्थ आहे. ‘लोभस’ तर निखळ स्तुतीच. ‘लालूच’ दुसऱ्याला दाखवता येते, हाव दाखवता येत नाही. ‘हव्यास’ आणि ‘सोस’ यांत नाद लागल्याची छटा अधिक. ‘अधाशी’ खाण्यावरून आला तरी पुस्तके अधाशासारखी वाचली तर ते भूषण ठरते. टोकाच्या हावेसाठी बोलीत ‘भस्म्या’ वापरतात. हा शब्द आयुर्वेदातल्या भस्मक रोगावरून आलेला. त्यात जठराग्नी इतका भडकतो की खाल्लेले लगेच जळून जाते आणि भूक तशीच राहते, असे मानतात. ‘याला पैशाचा भस्म्या झालाय’ याहून नेमके रूपक सापडणे अवघड.

‘हौस’ ध्वनीने जवळची वाटली तरी तिचे मूळ वेगळे, अरबी ‘हवस’. हिंदीत त्या शब्दाने वासनेचा गडद अर्थ घेतला. मराठीत आल्यावर तोच निवळला आणि त्यातून हौशी रंगभूमी, नाटकांच्या हौशी स्पर्धा आणि ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण निघाली.

‘हावभाव’ या जोडशब्दातला ‘हाव’ निराळा. तो संस्कृतातला पुल्लिंगी शब्द, अर्थ शृंगारसूचक विभ्रम. नाट्यशास्त्रात भाव, हाव, हेला असा त्याचा क्रम लागतो. कोकणीतला ‘हांव’ म्हणजे ‘मी’. त्याचाही या नोंदीशी संबंध नाही.